चौकोनी दुधी

जुळे सोलापुरातल्या त्या वसाहतीत कुणाकडे पाहुणे आले की त्यांना एकदा तरी शिवशरणांचा मांडव दाखवायला नेत. सिद्राम शिवशरण कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. नोकरी संपल्यावर इथं छोटंसं घर बांधलं. घराच्या बाजूला जी लांबट पट्टी उरली, तिथं गाडीची शेड न घालता त्यांनी जुन्या पाइपांचा मांडव उभा केला. वेल्डिंग स्वतःचं, रंगही स्वतःच मारलेला. त्यावर चढवलेले वेल मात्र साधे नव्हते. पडवळाच्या शेपटाला दगड बांधून ते माणसाच्या उंचीपेक्षा लांब आणि सरळसोट वाढवत. पांढरं कारलं होतं, घोसानं लागणारा बुटका दोडका होता, बगळ्यासारखी मान वळवलेला दुधी होता. एका साली त्यांनी कोवळ्या दुधीची लांब मान रोज थोडी थोडी वळवत तिची चक्क गाठ मारली. ती बघायला पोरांनी शाळेची रिक्षा थांबवली होती.

पण भाऊंचा खरा अभिमान होता तो चौकोनी दुधीचा. वसाहतीत सगळे त्यांना भाऊच म्हणत. पहिला साचा त्यांनी पत्र्याचा केला, तर सोलापूरच्या उन्हात पत्रा तापून आतलं फळ शिजल्यासारखं झालं. मग फळांच्या खोक्याच्या फळ्या घेतल्या, त्यांना वाऱ्यासाठी भोकं पाडली, कडेनं नटबोल्ट लावले. कोवळं फळ आत ठेवायचं, ते भरत जाईल तसं साच्याला टेकायचं. साचा उघडला की आत विटेसारखा, कोपरे धरलेला, फिकट हिरवा दुधी. मापात बसलेल्या वस्तूचं फिटरच्या हाताला जे समाधान होतं, ते तेव्हा त्यांच्या तोंडावर दिसायचं.

"भाजी तीच लागणार की," मुक्ताबाई, त्यांची बायको, म्हणायच्या. "चौकोनी केला म्हणून काय जास्त गोड व्हतोय व्हय?"

"आदी डोळ्यानं खायाचं असतंय, मुक्ता," भाऊ हसून म्हणायचे.

शेजारी करमाळकर राहत. मुकुंद करमाळकर एका कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, त्यांच्या पत्नी प्रभाताई शाळेत शिकवायच्या. शिवशरण राहायला आले तेव्हा सुरुवातीची काही वर्षं बोलणं फाटकापाशीच थांबायचं. कुणी वाईट वागलं नाही, कुणी वावगा शब्द काढला नाही. पण पहिल्या बुद्धपौर्णिमेला मुक्ताबाईंनी खिरीचं भांडं पाठवलं, ते झाकणही न काढता परत आलं. "ह्यांना साखर चालत नाही, मलाही मधुमेह आहे," असा निरोप होता. निरोप खराही असेल. तरी मुक्ताबाई ते भांडं हातात धरून किती तरी वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या होत्या, आणि भाऊंनी ते बघितलं होतं. त्या विषयावर दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

पुढं मधली ती भिंत हलली ती दुधीमुळं. प्रभाताईंना कुणी तरी सकाळी दुधीचा रस घ्यायला सांगितलं. एके दिवशी त्या स्वतःच फाटक उघडून मांडवाखाली आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बाजारातला निबर निघतो हो. तुमच्याकडचा एखादा कोवळा द्याल का?" भाऊंनी दोन दिले. दुसऱ्या दिवशी करमाळकरांच्या घरून वाटीभर मेतकूट आलं. मग इकडून दोडक्याच्या शिरांची चटणी गेली, तिकडून लोणचं आलं. गेल्या साली जयंतीच्या दिवशी तर प्रभाताई घरात येऊन, खाली सतरंजीवर बसून पुरी-भाजी जेवून गेल्या. त्या गेल्यावर मुक्ताबाई म्हणाल्या, "मागून घिऊन खाल्लं बघा त्यांनी." तेव्हापासून मांडवावरचं पहिलं फळ करमाळकरांकडं जाणार, हे भाऊंनी मनाशी ठरवूनच टाकलं.

त्याच साली एका नातेवाइकाकडे म्हणून ते टेंभुर्णीला गेले होते. बाजारात त्यांना धुळा नावाचा एक मेंढपाळ भेटला. त्याच्या खांद्याला पाण्याचा तुंबा लटकत होता. दुधीच्याच जातीचा भोपळा वाळवून कोरलेला, हात फिरून फिरून तांबूस झालेला, कासाराच्या दुकानातल्या तांब्यासारखा घाटदार. भाऊंची नजर त्यावरून हलेना. त्यांनी चहा पाजला, ओळख काढली आणि बी मागितलं. धुळानं दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत बी आणून दिलं.

"ह्ये कडू हाय बरं का. जिभंला लावू नगा," तो म्हणाला. "आन खायाच्या दुधीपासनं लांब लावा. न्हायतर त्येचं बी बिगडतंय. म्होरल्या साली तुमचा गोडा दुधी बी कडू यील."

"लांब म्हंजी किती?"

"नदरंआड."

भाऊंची सगळी पट्टीच एका नजरेत मावणारी. नजरेआड कुठं लावणार? घराच्या मागं लावला असता तर कुणी बघितला नसता. त्यांनी तो फाटकाजवळ, त्याच मांडवाच्या टोकाला लावला. वेल चढला, गोल गोल तुंबे लोंबू लागले, येणारा-जाणारा थांबून बघू लागला. संध्याकाळी दोन्ही वेलांची पांढरी फुलं उमलायची आणि पाकोळ्या इकडून तिकडं फिरायच्या. भाऊ खुर्ची टाकून बघत बसायचे. एवढ्याशानं काय होतंय, असंच त्यांना वाटलं. सालाअखेर नेहमीप्रमाणं त्यांनी आपल्या गोड्या दुधीचं एक फळ बियाण्यासाठी वाळवलं आणि जानेवारी सरता सरता तेच बी लावलं.

एप्रिलात मांडव पुन्हा भरला. भाऊंची एक सवय होती. नव्या वेलाचं पहिलं फळ तोडलं की देठाकडची चकती कापून ते जिभेला लावायचे, मगच फळ घरात किंवा शेजारी जायचं. पण त्या खेपेला भिंतीकडच्या वेलाचं पहिलंच फळ त्यांनी साच्यात घातलं होतं. साचा उघडला तेव्हा त्यांचेच डोळे दिपले. चारी कडा सरळ, एकही कोपरा दबलेला नाही. चाकू हातात घेतला होता. पण देठाकडची चकती काढली की वरचा सगळा चौकोन जाणार. भाऊंनी चाकू तसाच खिडकीत ठेवला आणि फळ ओल्या फडक्यानं पुसून प्रभाताईंना नेऊन दिलं.

मुकुंदराव तेव्हा बाहेर गेले होते. प्रभाताईंनी आधी त्याचा फोटो काढला. "कापायला जीव होत नाही हो, भाऊ!"

"कापा की बाई, रस काढा. दुसरा येतोयच मागनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी करमाळकरांच्या दारात धावपळ ऐकू आली. भाऊ बाहेर आले तेव्हा प्रभाताईंना दोघांनी धरून शेजारच्या एकाच्या गाडीत बसवलं होतं. तोंड पांढरंफटक पडलेलं, पदराला उलटीचे डाग. मुकुंदरावांच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या. ऊन लागलं असेल, असं सगळे म्हणाले. भाऊही तेच म्हणाले.

संध्याकाळी मुकुंदराव कपडे न्यायला घरी आले. भाऊ फाटकापाशीच उभे होते.

"आयसीयूत ठेवलंय," मुकुंदराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "उलटीतून रक्त पडलं. बीपी लागत नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्यांदा काय विचारलं माहितेय? कडू दुधीचा रस घेतला होता का! शिवशरण, दुधी कडू निघाला की विष होतो म्हणे. तुम्ही ऐकलं होतं कधी?"

भाऊंची नजर मांडवाकडं गेली. ते काही बोलायच्या आतच मुकुंदराव पुढं बोलू लागले. "परवा त्या कोपऱ्यावरच्या बसव्वाकडून दुधी आणला होता. एक शिल्लक होता फ्रिजमध्ये, फेकून दिला आत्ता. काय विकतात हे लोक, कशाचं बी लावतात!"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. साहेब, काल मी पण एक दिला होता, एवढंच वाक्य. ते भाऊंच्या जिभेवर आलंही. पण मुकुंदराव पिशवी घेऊन घाईनं निघाले, आणि भाऊंनी त्यांना थांबवलं नाही.

ते तडक मांडवात गेले. भिंतीकडच्या त्या वेलाला दुसरं फळ धरलं होतं. त्यांनी ते तोडलं, चकती कापली आणि जिभेच्या टोकाला लावली. जीभ आतल्या आत वळली. थुंकले, चूळ भरली, गूळ खाल्ला, तरी तो कडवटपणा घशातून जाईना. त्यांना धुळाचा आवाज आठवला. नदरंआड. मग त्यांनी तो वेल बुंध्यापासून उपटला, कोयत्यानं तुकडे केले आणि मागच्या खड्ड्यात पुरून वरून माती दडपली.

मुक्ताबाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. "हिरवागार येल हाय की! का उपटलाव?"

"मर लागली व्हती," भाऊ त्यांच्याकडं न बघता म्हणाले.

बसव्वा अक्कलकोटकडची. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली गोणपाट अंथरून ती भाजी विकायची. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची, बायकांच्या पोराबाळांची नावं तिला पाठ. वसाहत उभी राहत होती तेव्हापासून ती तिथं बसत होती. प्रभाताई दवाखान्यात गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा अनिमेष पुण्याहून आला. त्यानं बसव्वाचा फोटो काढून वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'या बाईच्या विषारी भाजीमुळे माझी आई आयसीयूत आहे. कृपया कोणीही घेऊ नये.' भाऊंच्या फोनवरही तो फोटो आला. फोटोत बसव्वा हसत होती. तिला वाटलं असेल, पोरगा हौसेनं काढतोय.

त्याच सकाळी मुकुंदराव दवाखान्यातून येता येता कोपऱ्यावर थांबले आणि तिच्यावर तुटून पडले. आवाज ऐकून माणसं जमली. भाऊही गेले. मुकुंदराव एरवी मोठ्यानं बोलणारे नव्हेत. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडाला धरबंद राहिला नव्हता. माणसं मारायला बसलीस का इथं, इथपर्यंत ते बोलले. बसव्वा पहिल्यांदा बावचळली, मग हात हलवत सांगू लागली, "अवो साहेब, तेच दुधी मी बी खाल्ले की! माझं सून खाल्लं, नातू खाल्लं. कुणाला काय झालं न्हाय. देवाशपथ!"

कुणी ऐकून घेईना. तेवढ्यात तिला गर्दीत भाऊ दिसले आणि तिचा चेहरा उजळला.

"अण्णा, तुमी सांगा की! तुमाला दुधीचं सगळं कळतंय. माझं दुधी वाईट हाय का, सांगा की ह्यांना!"

सगळे भाऊंकडं वळले. मांडववाले भाऊ, चौकोनी दुधीवाले भाऊ. त्यांच्या शब्दाला त्या कोपऱ्यावर वजन होतं.

"कडू दुधी वरनं वळखू येत न्हाय," ते म्हणाले.

बोलले ते खोटं नव्हतं. पण त्या एका वाक्यानं बसव्वाचा निकाल लागला. "बघा!" कुणी तरी म्हणालं. बसव्वानं भाऊंकडं एकदा नीट बघितलं. मग गोणपाटाचे चारी कोपरे गोळा केले, भाजीची बुट्टी डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही.

भाऊंचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे आणि भाकरीचे तुकडे करत राहायचे. मांडवाखाली जायला पाय उचलेना. नळाला पाणी यायचा दिवस होता, बादल्या भरल्या, पण वेलांना घातल्या नाहीत. करमाळकरांच्या दारात गाडी थांबली की ते उठून खिडकीपाशी जायचे. प्रभाताई शुद्धीवर आहेत, पोटातलं रक्त थांबलंय, आता धोका टळलाय, अशा बातम्या येत. प्रत्येक बातमीला भाऊंना हायसं वाटायचं आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज यायची. कारण त्यात प्रभाताईंचा जीव वाचला याचा आनंद जेवढा होता, तेवढाच आपण वाचलो याचाही होता.

शेवटी मुक्ताबाईंनीच विचारलं, "त्यो येल का उपटलाव? आता खरं सांगा."

भाऊंनी सगळं सांगितलं. धुळाचं, पाकोळ्यांचं, न कापलेल्या चकतीचं. मुक्ताबाई ऐकत राहिल्या. त्या ओरडतील, शिव्या देतील असं भाऊंना वाटलं होतं. त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "सांगितलं तर पुन्यांदा भांडं तसंच परत यील."

म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं. आपल्या घरचं खाऊन शेजारची बाई मरता मरता वाचली, हे एकदा बाहेर पडलं की लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत. फाटकापाशी थांबतील, बस्स. इतक्या वर्षांनी उघडलेलं दार कुणी आपटणार नाही, नुसतं हळूच लोटून घेईल. दोघं त्या दुपारी आपापल्या जागी बसून राहिले. सांगायचं नाही, असं ठरवलंही नाही आणि सांगितलंही नाही.

मग एक दिवस मुक्ताबाई विजापूर रोडला काही कामाला गेल्या होत्या, त्या परत आल्या ते डोळे पुसतच.

"बसव्वा दिसली," त्या म्हणाल्या. "एका ग्यारेजच्या भिंतीशी बसलीया, भर उनात. डोईवर टॉवेल घिऊन. मला वाटलं वळख दिणार न्हाय. तर मला हाक मारून काय इच्यारलं ठावं हाय? बाई कशी हाय, घरी आली का?" मुक्ताबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "जावा तुमी. भांडं परत यीना का. जावा, सांगा."

प्रभाताई नुकत्याच घरी आल्या होत्या. भाऊ गेले तेव्हा त्या खिडकीजवळच्या कॉटवर उशीला टेकून बसलेल्या. निम्म्यानं वाळल्यासारख्या दिसत होत्या, हाताला सलाइनचे काळेनिळे डाग. मुकुंदराव आत औषधांच्या पुड्या लावत होते.

"बाई, त्यो दुधी माजा व्हता," भाऊ उभ्या उभ्याच म्हणाले.

प्रभाताईंनी दाराकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "माहीत आहे मला. पहिल्या घोटालाच कळलं, कडूजहर होता. पण तुम्ही इतक्या हौसेनं आणून दिलेला, ओतून द्यायला हात होईना. कारल्याचा नाही का पीत आपण, म्हटलं, आणि डोळे मिटून प्यायले."

भाऊ एक पाऊल पुढं आले. "मग तुमी सांगितलं का न्हाय?"

"हे किती भडकले होते, बघितलंत ना? रागाच्या भरात यांच्या तोंडून तुमच्याबद्दल एखादा असा शब्द गेला असता, की तो पुन्हा मागं घेता आला नसता. मला तो ऐकायचा नव्हता."

"आन बसव्वा?"

प्रभाताई चादरीची कड बोटांनी चुरू लागल्या. "अनिमेषनं फोटो टाकल्याचं कळलं मला. वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील. चुकलंच माझं."

एक क्षणभर भाऊंना बरं वाटलं. ओझं उचलायला दुसरं कुणी तरी आलं, असं बरं वाटणं. ते ध्यानात आलं तसे ते स्वतःवरच चिडले. या बाईनं मरणाच्या दारातूनही आपली अब्रू झाकली, आणि आपण तिच्या वाट्याला आपलं अर्धं पाप द्यायला निघालो.

"तुमचं काय बी चुकलं न्हाय," ते म्हणाले. "तुमाला सगळं ठावं न्हाय. त्यो तुंबा लावताना मला बजावून सांगितलं व्हतं, गोड्या दुधीजवळ लावू नगा म्हणून. मी लावला. लोकांनी बघावा म्हणून फाटकापाशी लावला. आन तुमाला दिला त्यो दुधी चाखला बी न्हाय. कोपरा मोडंल म्हणून."

प्रभाताईंचा चेहरा बदलला. इतका वेळ त्यावर जी माया होती, ती एकदम मागं सरली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, असं होऊ शकतं?"

"व्हय."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. भाऊंनी मग स्वतःच मुकुंदरावांना हाक मारली आणि त्यांच्यापुढं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुकुंदराव हातात गोळ्यांची पट्टी धरून ऐकत होते. भाऊंनी मनात ज्या ज्या शब्दांची भीती धरली होती, त्यातला एकही शब्द ते बोलले नाहीत. पण जे बोलले ते भाऊंना जास्त लागलं.

"त्या बाईला मी काय काय बोललो, शिवशरण. आणि तुम्ही तिथं उभे होतात."

भाऊंनी मान खाली घातली.

"उभे होतात तुम्ही," मुकुंदराव पुन्हा म्हणाले, आणि पट्टी टेबलावर ठेवून आत निघून गेले.

घरी येऊन भाऊंनी फोन काढला. टाइप करायला त्यांना जमायचं नाही. त्यांनी ग्रुपवर आवाजातच निरोप टाकला. दुधी माझ्या मांडवावरचा होता, बसव्वाचा नव्हता, तिचा काही दोष नाही, मला माहीत असून मी गप्प बसलो. दोन वेळा शब्द चुकले, तरी त्यांनी पुसून पुन्हा बोलायचा प्रयत्न केला नाही, तसाच जाऊ दिला. अनिमेषनं फोटो काढून टाकला. कुणी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कुणी लिहिलं, 'घरगुती भाजीचाही भरवसा नाही.' दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला एक पिशवी अडकवलेली होती. आत मुक्ताबाईंनी त्याच आठवड्यात वसाहतीत वाटलेल्या पडवळांतलं एक होतं, न कापलेलं. कुणी ठेवलं ते भाऊंनी शोधलं नाही.

त्याच दिवशी ते विजापूर रोडला जायला निघाले, तर मुकुंदराव स्कूटर घेऊन फाटकापाशी उभे. "बसा," एवढंच म्हणाले. भाऊ मागं बसले. सिग्नलला स्कूटर थांबली की भाऊंना समोर फक्त मुकुंदरावांची घामानं भिजलेली पाठ दिसायची.

बसव्वा गॅरेजच्या भिंतीशी बसली होती. पुढ्यात मेथीच्या सुकलेल्या पेंड्या, थोडी वांगी. मुकुंदरावांनी तिच्यासमोर उकिडवं बसून हात जोडले. "माझी चूक झाली, बाई. दुधी तुझा नव्हता."

बसव्वानं त्यांच्याकडं बघितलं. "तुमी घाबरलं होतं साहेब. बाईचं जीव जात होतं. माणूस बोलतंय की तवा. जाऊ दे." मग तिनं भाऊंकडं मान वळवली. "अण्णा, मी तुमाला इच्यारले की. सगळ्यांसमोर इच्यारले. तुमी का गप बसलं?"

"भ्यालो," भाऊ म्हणाले.

"मी बी भ्याले होते की," बसव्वा म्हणाली. "दहा बायका माझ्याकडं बघून रस्त्याच्या त्या बाजूनं गेलं. मी त्यांच्या पोरांना कडेवर घेतलं होतं."

भाऊंनी तिला परत चल म्हणून विनवलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मेथीवर पाणी शिंपडत राहिली. गिऱ्हाईक आलं तशी तिनं यांच्याकडं पाठ केली.

त्यानंतर भाऊंनी मांडवावरचे दुधीचे सगळे वेल काढले. ज्यांची फळं गोड होती तेही काढले. घरात वाळत टांगलेले तुंबे खाली उतरवले, साचा मोडून फळ्या सरपणाला दिल्या. पडवळ आणि दोडके तेवढे राहिले. ते आता शेजारीपाजारी जात नाहीत, घरीच संपतात. मुक्ताबाई कधी कुरकुरतात की रोज रोज पडवळच काय खायाचं, पण कुणाला देऊन टाका, असं म्हणत नाहीत. करमाळकरांच्या घरून वाटी येणं थांबलं. भांडण नाही, अबोला नाही. मुकुंदराव फाटकापाशी थांबून बोलतात, पाणी किती दिवसांनी येणार, ऊन किती वाढलंय. प्रभाताई खिडकीतून हात करतात. पण मांडवाखाली त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि याबद्दल भाऊंना त्यांचा रागही धरता येत नाही.

बसव्वा परत आली, ती पार आषाढात. भाऊंच्या विनवणीनं नव्हे. गॅरेजवाल्याला ती भिंत हवी होती, म्हणून. एका सकाळी कडुनिंबाखाली पुन्हा गोणपाट अंथरलेलं दिसलं. बायका सुरुवातीला बिचकत आल्या, मग नेहमीसारख्या येऊ लागल्या. भाऊ मात्र त्या कोपऱ्यावरून जायचं टाळत. दूध आणायलाही लांबच्या रस्त्यानं जात.

एके दिवशी ते फाटकात उभे असताना प्रभाताई काठी टेकत कोपऱ्याकडं जाताना दिसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच एवढं चालत होत्या. बसव्वानं त्यांना बघून पाठीमागचं खोकं पुढं ओढलं, पदरानं पुसलं आणि बसवलं. दोघींचं काही तरी बोलणं सुरू झालं. इथून ऐकू येत नव्हतं. बसव्वा हात हलवून सांगत होती, प्रभाताई मान डोलवत होत्या.

"जावा की," मागून मुक्ताबाई म्हणाल्या.

"मी काय करू जाऊन?"

"भाजी घ्यायला जावा. घरात पडवळाबिगर काय बी न्हाय."

भाऊ गेले. ते जवळ आले तशा दोघी बोलायच्या थांबल्या. प्रभाताईंनी खोक्यावर थोडं सरकून जागा केली, पण भाऊ बसले नाहीत. बसव्वानं त्यांना अण्णा म्हटलं नाही.

"काय देऊ?" तिनं विचारलं, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

समोर दुधी होते, कारली होती. त्यावरून त्यांची नजर घसरली. "भेंडी," ते म्हणाले. "पाव किलो."

तिनं तोलली. पारडं झुकलं तशा दोन भेंड्या परत बुट्टीत टाकल्या, काटा सरळ केला आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. भाऊंनी पैसे दिले आणि ते घरी आले.

"काय म्हणाली?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"भेंडी दिली," भाऊ म्हणाले, आणि पिशवी ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले.